सैल कपडे घेणे आठ दिवस बंद

दोनबोटे हे काही टेलर मास्तरांचं खरं आडनाव नव्हे. पण गल्लीत ते इतकं रुजलं होतं की पोस्टमननेही हार मानली होती. एकदा तर वीज कंपनीचं पत्र ‘श्री. दोनबोटे’ याच नावानं आलं आणि मास्तरांना ते मुकाट्यानं घ्यावं लागलं. नावाचं मूळ साधं आहे. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की मास्तर चष्म्याच्या वरून बघत, उजव्या हाताची दोन बोटं पुढे करत, कमरेपाशी कापडाचा चिमटा काढत आणि म्हणत, “दोन बोटं आत घेतो.” शर्ट असो, पँट असो, नाहीतर एखाद्या आजोबांचा झब्बा असो, उपाय एकच. माणसं जाडी-बारीक असतील, मास्तरांची दोन बोटं तेवढीच.

मास्तरांना हे नाव मुळीच आवडत नसे. दुसऱ्यानं शिवलेलं उसवायचं, आत घ्यायचं, परत शिवायचं. म्हणजे जन्मभर दुसऱ्याच्या चुका निस्तरणारा माणूस, असा त्या नावाचा अर्थ त्यांना लागत असे. आणि तो बराचसा खराही होता.

त्यांचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधली फट. तिला कोणीतरी छप्पर घातलं, पुढे शटर लावलं, झालं दुकान. मशीन, मास्तर आणि गिऱ्हाईक यांतल्या दोघांनाच एका वेळी आत जागा मिळे. माप द्यायला कोणी आत आलं की स्टूल फुटपाथवर जायचं. समोर, रस्त्याच्या पलीकडे, चार मजली मोठं दुकान. त्याच्या काचा रोज पुसल्या जात आणि सुट्ट्या आल्या की त्या काचांवर लाल अक्षरांत आठ दिवसांचा सेल लागे.

त्या आठ दिवसांत चांगली शहाणीसुरती माणसं वेड्यासारखी वागत. आपल्या मापाचा शर्ट निम्म्या किमतीत मिळाला नाही, तर दुसऱ्याच्या मापाचा घेत. आणि मग नवव्या दिवशी पिशव्या घेऊन रस्ता ओलांडत, मास्तरांपुढे ओशाळं हसत उभी राहत. “थोडं सैल होतंय हो.” मास्तरांचं वर्षाचं पीक त्या सेलवर निघायचं. समोर सेल, इकडे सैल. मधे फक्त एका मात्रेचा आणि एका रस्त्याचा फरक.

त्यांचं स्वतःचं घरही या वेडातून सुटलं नव्हतं. मास्तरांच्या बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे मास्तरांचा मेहुणा, हा सेलमधला जाणकार. त्याचं तत्त्वज्ञान दोन शब्दांचं होतं: “लागेल कधीतरी.” या दोन शब्दांच्या जोरावर घरात चार छत्र्या आल्या होत्या, अंडी उकडायचं एक यंत्र आलं होतं, आणि एकात एक बसणाऱ्या तीन प्रवासी बॅगा आल्या होत्या. या कुटुंबाचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे मेहुण्याचं घर; तिथून ते संध्याकाळी परत येत. मास्तरांसाठी मेहुण्यानं मागच्या वर्षी चव्वेचाळीस नंबरचा शर्ट उचलला होता. मास्तर अडतीस नंबरचे. “शेवटचा पीस होता, भावोजी,” तो म्हणाला होता, जणू बुडत्या माणसाला वाचवून आणलं होतं.

यंदा मास्तरांच्या मुलीला नोकरी लागली. काचेच्या भिंतींची मोठी कचेरी, आणि तिथे कोट घालून जायचा रिवाज. रुजू व्हायचं होतं सेल संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी. मेहुणा जाहिरातीचा कागद घेऊन जेवायच्या टेबलाशी हजर झाला. कागदावर एक करडा कोट होता, त्याच्याभोवती त्यानं पेनानं गोल केला होता.

“पहिल्या दिवशी सकाळी सातला रांगेत उभं राहायचं,” मेहुणा म्हणाला. “मी पुढे, ताई मागे, ही मधे.”

“यंदा सेलला कोणी जायचं नाही,” मास्तर म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. “कोट मी शिवणार.”

बायकोनं वाढता वाढता डाव खाली ठेवला. मेहुण्यानं तोंडातला घास कसाबसा गिळला आणि जे सगळ्यांच्या मनात होतं ते बोलून टाकलं. “दोन्ही डाव्या बाह्यांचा ना, भावोजी?”

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. तेव्हा मास्तर नवे कपडे शिवत असत. मेहुण्याचं लग्न ठरलं, कोटाचं कापड आलं, ते थोडं कमी पडत होतं, म्हणून मास्तरांनी दुहेरी घडी न घालता एकेरी कापडावरच बाह्या बेतल्या. एक बाही कापली, आणि दुसरी कापताना कागदी नमुना उलटा करायला विसरले. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. मेहुणा लग्नात उसना कोट घालून उभा राहिला आणि त्या दिवसापासून आजतागायत प्रत्येक पंगतीत, प्रत्येक बारशात ही गोष्ट नव्यानं सांगत आला. त्यानंतर मास्तरांनी कोऱ्या कापडाला कात्री लावली नाही. ते दोन बोटांवर आले आणि दोन बोटांवरच राहिले.

मुलीनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा बापाकडे. मग ती म्हणाली, “चालेल, बाबा.”

चालेल! या शब्दाची गंमत अशी की तो होकार असतो आणि नसतोही. भाजीत मीठ कमी पडलं तर माणूस ‘चालेल’ म्हणतो. मास्तरांना तो शब्द सुईसारखा टोचला. मुलगी चांगली होती, मनानं मऊ होती, म्हणून तर ‘चालेल’ म्हणाली होती. आपल्या पोरीनं पहिल्या दिवशी आपण शिवलेला कोट चालवून घ्यावा, हे मास्तरांना सहन होईना. तो तिनं मिरवत घालावा असं त्यांना वाटत होतं. पण हे बोलायचं कसं? ते हात धुवायला उठले.

ट्रंकेच्या तळाशी त्यांचं एक गडद निळं कापड होतं. स्वतःच्या कोटासाठी घेतलेलं, अकरा वर्षं डांबराच्या गोळ्यांत झोपलेलं. तेवढंच होतं. चुकलं तर दुसरं आणायला ते दुकानही आता उरलं नव्हतं.

सेलच्या पहिल्या दिवशी मास्तरांनी काळ्या अस्तराचा एक लांब तुकडा घेतला आणि माप आखायच्या पांढऱ्या खडूनं त्यावर ठळक लिहिलं: ‘सैल कपडे घेणे आठ दिवस बंद.’ तो तुकडा अर्ध्या ओढलेल्या शटरला टाचला आणि खालून वाकून आत शिरले. आता आठ दिवस कोणाचं दोन बोटं आत घ्यायचं नाही. फक्त कोट.

कापड टेबलावर पसरलं. मास्तर त्याच्याकडे बघत बसले. मग त्याची घडी केली. मग परत पसरलं. मुलीचं माप तर बोटांच्या टोकावर होतं, कागदी नमुना तयार होता, कात्रीला धार लावून झाली होती. मग त्यांनी परत धार लावली. पहिला दिवस असा गेला. दुसरा दिवसही. कोट बेतायचा होता आणि तो जिवावर बेतला होता. चहाला बाहेर जायचं, वाकून आत यायचं, कापडाकडे बघायचं, परत बाहेर जायचं. अर्ध्या शटरखालून दिवसातून दहा-बारा वेळा ये-जा चालली होती. संध्याकाळी घरी आल्यावर बायको म्हणाली, “अहो, डोक्याला पांढरं काय लागलंय?” मास्तर म्हणाले, “वय.”

तिसऱ्या दिवशी शटरवर टकटक झाली. वाकून आत आले ते ‘हजेरी’ सर. हे निवृत्त मुख्याध्यापक. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कोण नाही आलं, याची नोंद ते अजूनही डोक्यात ठेवत. त्यांनी मास्तरांचा हात दोन्ही हातांत घेतला.

“मास्तर, धाडस केलंत.”

मास्तर चपापले. कोटाची गोष्ट घराबाहेर गेलेली नाही असा त्यांचा समज होता. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? सगळी गल्ली बोलतेय.”

मेहुण्याचं तोंड! मास्तरांनी मनातल्या मनात त्याला दोन शिव्या हासडल्या. “सर, अकरा वर्षं झाली हो.”

“तेच म्हणतो मी! इतकी वर्षं आपण गप्प बसलो. लोक काय म्हणतील म्हणून घाबरलो. कोणीतरी सुरुवात करायलाच हवी होती.”

“पण चुकलं तर? एकदा हातातून गेलं की परत मिळायचं नाही.”

“अगदी बरोबर बोललात! हातातून गेलं की परत मिळत नाही. माणसाला हे कळतच नाही.”

आपल्या मनातली भीती इतकी नेमकी कोणी ओळखली नव्हती. त्यांनी आवाज खाली आणला. “आणि सर, दोन्ही डावेच निघाले तर?”

हजेरी सरांनी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. “डावे, उजवे, सगळे आपल्याबरोबर आहेत, मास्तर! आता माघार नाही. लावा कात्री!”

‘लावा कात्री’ हे सर खर्चाबद्दल म्हणाले होते. पण ते शटरखालून बाहेर पडले तेव्हा मास्तरांच्या हातात कात्री होती. त्यांनी कापड दुहेरी केलं, चांगली बाजू आत घेतली, बाह्यांवर खडूनं ‘डा’ आणि ‘उ’ अशी मोठी अक्षरं लिहिली आणि श्वास रोखून कात्री चालवली. अकरा वर्षांनी कोरं कापड कापतानाचा तो खर्र आवाज ऐकून त्यांच्या अंगावर काटा आला. दुपारपर्यंत कोट तुकड्यातुकड्यांत टेबलावर मांडलेला होता. एक बाही डावी, एक उजवी. मास्तरांनी त्या स्वतःच्या हातांना लावून पाच वेळा खात्री करून घेतली.

पाचव्या दिवशी समोरच्या दुकानाचा मॅनेजर रस्ता ओलांडून आला. हा एरवी मास्तरांशी फार गोडीनं वागे, कारण त्यानं विकलेले सैल कपडे मास्तरच बसते करून देत आणि त्याची अब्रू वाचवत. आज त्याचा चेहरा पडला होता.

“मास्तर, आमचं काही चुकलं का?”

“छे! तुमचं काय चुकणार?”

“मग आमच्या तोंडासमोर अशी पाटी लावायची? परवा सकाळपासून किती लोक ती वाचून मागे फिरले माहीत आहे? ते हजेरी सर तर फुटपाथवर उभे राहून लोकांना मोठ्यानं वाचून दाखवतात.”

मास्तरांना काही उमजेना. ते वाकून बाहेर आले आणि त्यांनी स्वतःची पाटी प्रथमच गिऱ्हाइकाच्या जागी उभं राहून वाचली.

‘सेल कपडे घेणे आठ दिवस बंद.’

‘सै’वरची एक मात्रा साफ गेली होती. मापाच्या खडूचा गुणच तसा. काम झालं की पुसला जावा म्हणूनच तो असतो. मास्तरांचा हात आपोआप डोक्याकडे गेला. बोटांना पांढरी पूड लागली. दिवसातून बारा वेळा वाकून आत-बाहेर करताना त्यांनी आपल्याच केसांनी आपलीच मात्रा पुसली होती, आणि गावाला सेलवर बहिष्कार घालायला सांगितलं होतं. आता हजेरी सरांचं बोलणं त्यांना पहिल्या वाक्यापासून आठवू लागलं आणि कानांच्या पाळ्या गरम झाल्या. एवढे शिकलेले मुख्याध्यापक, त्यांना मात्रा कशी दिसली नाही? पण सरांनी जन्मभर गणित शिकवलं होतं. शुद्धलेखन हे ते दुसऱ्या खात्याचं काम समजत.

“अहो, मला म्हणायचं होतं...” मास्तर बोलू लागले.

“म्हणायचं काहीही असो,” मॅनेजर आता चिडला होता. “निदान घरच्यांना तरी पाटी वाचून दाखवायची. पहिल्याच दिवशी सकाळी सात वाजता तुमचे मेहुणे रांगेत पहिले होते. करडा कोट घेऊन गेले. तुमच्या बाईही होत्या बरोबर.”

मास्तरांना वाईट वाटलं. राग नंतर आला. आधी वाईटच वाटलं. आपण टेबलाशी बसून कापडाला घाबरत होतो तेव्हा घरात आपल्या चुकीची तजवीज आधीच करून ठेवलेली होती.

“एक मात्रा द्या आणि विषय संपवा,” मॅनेजर म्हणाला. “खडू आहेच तुमच्याकडे.”

खडू मास्तरांच्या हातातच होता. पलीकडच्या फुटपाथवर हजेरी सर उभे होते आणि त्यांच्याबरोबर चार-सहा माणसं, रिकाम्या हातांची. मास्तरांनी पाटीकडे पाहिलं, त्या माणसांकडे पाहिलं आणि खडू कानामागे ठेवला.

“पाटी बरोबर आहे,” ते म्हणाले. आणि सवयीनं दोन बोटं पुढे करून त्यांनी मॅनेजरच्या जॅकेटचा कमरेपाशी चिमटा काढला. “हे मात्र सैल आहे. आठ दिवसांनी या.”

मॅनेजर गेला. मास्तर मशीनवर बसले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की गल्लीनं सेलमध्ये कपडे घेतले नाहीत तर नवव्या दिवशी सैल कपडे घेऊन यायचं कोणी? स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेणारे खूप असतात. खडूनं मारून घेणारा हा एकच. त्यांना एकट्यालाच जोरात हसू आलं. मग त्यांनी दोरा ओवला आणि मशीनचं पायडल मारायला सुरुवात केली.

आठव्या दिवशी संध्याकाळी कोट इस्त्री होऊन घरी आला. मेहुणा आमंत्रणाशिवायच आला होता आणि खुर्ची ओढून पुढे बसला होता. मुलगी उभी राहिली. मास्तरांनी निळा कोट हँगरवरून काढलाच नाही.

“आधी तो करडा आण,” ते बायकोला म्हणाले.

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. “कुठला करडा?”

“सेलमधला.”

मेहुणा छताकडे बघू लागला. मुलगी आईकडे. “आई?”

“मधल्या बॅगेत आहे,” बायको अगदी बारीक आवाजात म्हणाली. तीन बॅगांचा तो पहिला आणि शेवटचा उपयोग.

करडा कोट मुलीनं चढवला. बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या. मास्तरांची दोन बोटं कमरेपाशी गेली आणि त्यांनी चिमटा काढला: बरोबर दोन बोटं सैल. बायकोनं मान खाली घातली. कोट सैल आहे हे तिला आठ दिवस माहीत होतं. पण तो चोरून आत घेऊन देणारा गावात एकच माणूस, आणि तो नेमका नवरा. करायचं काय?

मग निळा. मुलीनं एक हात घातला, दुसरा घातला, पुढचं बटण लावलं. मेहुणा उठून तिच्याभोवती फिरला. एकदा पुढून, एकदा मागून, एकदा वाकून.

“एक डावी आहे,” तो म्हणाला. थोडा थांबला. “आणि एक उजवी आहे.” त्याचा आवाज पडला होता. अकरा वर्षांची हुकमी गोष्ट त्या संध्याकाळी त्याच्या हातून गेली.

मास्तरांनी सवयीनं दोन बोटं पुढे केली. कमरेपाशी, खांद्यापाशी, पाठीशी. चिमट्यात काहीच येईना. हात तसाच हवेत राहिला. मुलगी आरशात बघत होती, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, आणि कोट काढायचं नावच घेत नव्हती.

“माझा तुमच्यावर विश्वास नव्हता असं नाही हो,” बायको म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “पोरीची काळजी वाटली.”

“माझा माझ्यावर नव्हता,” मास्तर म्हणाले. त्यांनी करडा कोट उचलून बायकोच्या अंगाला लावून पाहिला. सेलचा माल परत घेत नाहीत, हे तर सगळ्यांना ठाऊक. “हा तुला होईल. बाह्या आखूड करतो आणि कमरेत दोन बोटं सोडतो.” दोन बोटं सोडायची वेळ त्यांच्यावर प्रथमच आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दाढी करून बाहेर आले तेव्हा मुलगी खिडकीशी बसून निळ्या कोटाच्या कॉलरच्या आत काहीतरी टाचत होती. शेजारी दुकानावरची ती काळी पाटी पडलेली होती, एक कोपरा कापलेली. मास्तर जवळ गेले. काळ्या अस्तराची एक इवलीशी पट्टी आणि तिच्यावर पांढऱ्या दोऱ्यानं वेडीवाकडी अक्षरं.

“हे काय?”

“सगळ्यांच्या कोटाला आत नाव असतं, बाबा. कोणी विचारलं कोट कुठला, तर दाखवायला नको?”

मास्तरांनी चष्मा नाकावर सरकवून वाचलं. ‘दोनबोट’. पट्टी एका बाजूला कलली होती, टाके लहान-मोठे होते, आणि शेवटची मात्रा घालायला दोरा पुरला नव्हता. त्यांची बोटं उसवायला शिवशिवली.

“मात्रा राहिली,” ते म्हणाले.

मुलीनं घड्याळाकडे पाहिलं आणि घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. “उसवायचं का? बस जाईल माझी.”

मास्तरांनी कोट तिच्या हातातून घेतला, झटकला आणि मागे उभं राहून तिच्यासाठी धरला. तिनं आधी डावा हात घातला, मग उजवा.

“चालेल,” मास्तर म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.